स्वरतंतूंचा सुरुवातीच्या टप्प्यातील कर्करोग: शस्त्रक्रियेचे पर्याय कोणते आणि निवड कशी करावी?

आवाज बसला की आपण आधी घरचे उपाय करतो. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, ज्येष्ठमध, हळदीचे दूध, फार तर मेडिकलमधून चार गोळ्या. भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे या भागात काम करणाऱ्यांकडे त्याचे कारणही तयार असते: "प्रेस शॉपमध्ये दिवसभर ओरडून बोलावे लागते, घसा बसणारच." बहुतेक वेळा हे कारण खरेही असते. सर्दीमुळे किंवा ओरडण्यामुळे बसलेला आवाज साधारण दोन आठवड्यांत सुटतो.

पण आवाज तीन आठवडे उलटूनही सुटला नाही, तर कारण शोधायलाच हवे. त्यातही वय चाळीसच्या पुढे असेल आणि बिडी-सिगारेटची सवय असेल तर थांबू नका. स्वरतंतूंचा कर्करोग हा असा आजार आहे जो अगदी लहान असतानाच आवाज बदलून स्वतःची वर्दी देतो. तेव्हाच पकडला तर तो बहुतेकांमध्ये पूर्ण बरा होतो आणि स्वरयंत्रही शाबूत राहते. या लेखात आपण या टप्प्यावरच्या शस्त्रक्रिया, त्यांना असलेला रेडिएशनचा पर्याय आणि निर्णय घेताना काय विचारावे, हे पाहू.

थोडक्यात महत्त्वाचे

• तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ आवाज बसलेला असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने स्वरयंत्र तपासून घ्या.
• सुरुवातीच्या टप्प्यात साधारणपणे एकच उपचार पुरतो: तोंडातून केलेली शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन.
• दोन्ही उपचारांनी रोग बरा होण्याचे प्रमाण जवळपास सारखे आहे. फरक आहे तो आवाजात, वेळेत आणि रोग पुन्हा झाला तर हातात काय उरते, यात.
• या टप्प्यावर संपूर्ण स्वरयंत्र काढणे हा सहसा पहिला उपचार नसतो. कोणी तसे सुचवले तर दुसरे मत जरूर घ्या.
• उपचार कोणताही घेतला तरी तंबाखू आणि धूम्रपान बंद करणे हा त्याचाच भाग आहे.

स्वरतंतू म्हणजे काय?

गळ्यात पुढच्या बाजूला हाताला लागणारा उंचवटा म्हणजे स्वरयंत्राचे कूर्चेचे कवच. त्याच्या आत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकारात दोन पट्ट्या असतात. हेच स्वरतंतू. श्वास घेताना त्या उघडतात, बोलताना जवळ येऊन कंप पावतात आणि गिळताना मिटून अन्नपाणी श्वासनलिकेत जाऊ देत नाहीत.

प्रत्येक स्वरतंतूला थर असतात. वर पातळ अस्तर, त्याखाली मऊ, जेलीसारखा थर, मग लवचीक बंध आणि सर्वांत आत स्नायू. आवाजाचा गोडवा मुख्यतः वरच्या मऊ थराच्या लाटेसारख्या हालचालीतून येतो. म्हणूनच गाठ किती खोल गेली आहे, यावर शस्त्रक्रिया किती मोठी होणार आणि आवाज कसा राहणार, या दोन्ही गोष्टी ठरतात.

स्वरतंतूंची आणखी एक जमेची बाजू आहे. त्यांच्यात लसीकावाहिन्या फारच कमी असतात. त्यामुळे तिथला लहान कर्करोग मानेतल्या गाठींत सहसा पसरत नाही. पहिल्या टप्प्यात मानेवर वेगळी शस्त्रक्रिया करावी लागत नाही, ती याच कारणामुळे.

हा आजार कोणाला होतो?

सर्वांत मोठे कारण धूम्रपान आहे. बिडी असो वा सिगारेट, धूर थेट स्वरतंतूंवरून जातो. जोडीला नियमित दारू असेल तर धोका आणखी वाढतो.

औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकांनी आणखी दोन कारणे लक्षात ठेवावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सल्फ्युरिक आम्ल असलेल्या तीव्र आम्लांची वाफ-फवारा आणि ॲस्बेस्टॉस, या दोन्हींना स्वरयंत्राच्या कर्करोगाची सिद्ध कारणे मानले आहे. धातूचा गंज काढण्यासाठी आम्लात बुडवणे, काही प्रकारचे प्लेटिंग, बॅटरी बनवणे अशा कामांत आम्लाची वाफ उठते. जुने पत्रे, जुने उष्णतारोधक वेष्टन, जुने ब्रेक लायनिंग तोडताना ॲस्बेस्टॉसचे तंतू हवेत येऊ शकतात. अशा विभागात काम करत असाल तर टाकीवरची एक्झॉस्ट यंत्रणा चालू आहे ना, योग्य मास्क मिळतो ना, हे पाहा आणि डॉक्टरांना आपले नेमके काम सांगा. नुसते "कंपनीत आहे" असे सांगून भागत नाही.

एक गैरसमजही दूर करू. कारखान्यातल्या वार्षिक तपासणीत ऐकण्याची आणि फुप्फुसांची चाचणी होते, पण स्वरयंत्रात दुर्बीण सहसा घातली जात नाही. त्यामुळे "कंपनीचे मेडिकल नॉर्मल आले" याचा अर्थ स्वरतंतू तपासले गेले, असा होत नाही.

निदान कसे होते?

पहिली पायरी म्हणजे नाकातून किंवा तोंडातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहणे. हे ओपीडीतच, घसा बधिर करून, काही मिनिटांत होते. आवाज बसण्याची कारणे अनेक असतात: ओरडण्यामुळे झालेल्या गाठी, पॉलिप, पित्त वर येणे, थायरॉइडचा त्रास, स्वरतंतूचा लकवा. आपल्याकडे स्वरयंत्राचा क्षयरोगही दिसतो आणि तो कर्करोगासारखाच भासू शकतो. त्यामुळे नुसते पाहून निष्कर्ष काढता येत नाही.

संशयास्पद पांढरा किंवा लालसर चट्टा अथवा गाठ दिसली, तर पूर्ण भूल देऊन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करतात आणि तुकडा काढून बायॉप्सीला पाठवतात. गाठ खूपच लहान असेल तर तपासणीच्या वेळीच ती संपूर्ण काढली जाते. गाठ कुठवर गेली आहे हे पाहण्यासाठी गरजेनुसार सी.टी. स्कॅन केला जातो. बायॉप्सी आणि स्कॅन दोन्ही लागणार असतील तर स्कॅन आधी करणे चांगले, कारण तुकडा काढल्यानंतरची सूज स्कॅनमध्ये गोंधळ करते.

बायॉप्सीत कर्करोग आला नाही, पण आवाज सुधारत नाही आणि चट्टा तसाच आहे, असे झाले तर विषय तिथे संपवू नका. जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज १८८७ च्या सुरुवातीला बसला. जर्मन शल्यविशारदांनी कर्करोगाचा संशय घेऊन शस्त्रक्रिया सुचवली. ब्रिटिश तज्ज्ञ मॉरेल मॅकेन्झी यांनी काढलेल्या तुकड्यात विख्यात विकृतिशास्त्रज्ञ विरचो यांना कर्करोग आढळला नाही आणि शस्त्रक्रिया मागे पडली. नोव्हेंबरमध्ये कर्करोग स्पष्ट झाला. मार्च १८८८ मध्ये तो सम्राट झाला आणि ९९ दिवसांत, १५ जून १८८८ रोजी त्याचा मृत्यू झाला. त्या काळची शस्त्रक्रियाही धोक्याची होती, त्यामुळे ती केली असती तर तो वाचलाच असता असे म्हणता येत नाही. पण लहानशा तुकड्यात रोग सापडला नाही म्हणजे रोग नाहीच, असे नसते, हा धडा आजही लागू आहे. गरज पडली तर बायॉप्सी पुन्हा करावी लागते.

"सुरुवातीचा टप्पा" म्हणजे नेमके काय?

तुमच्या रिपोर्टवर इंग्रजी 'टी' अक्षर आणि आकडा लिहिलेला असेल. त्याचा अर्थ असा:

• टी-आयएस: कर्करोगाच्या पेशी फक्त वरच्या अस्तरात आहेत.
• टी-१ए: गाठ एकाच स्वरतंतूवर आहे आणि त्याची हालचाल नीट आहे.
• टी-१बी: गाठ दोन्ही स्वरतंतूंवर आहे, हालचाल नीट आहे.
• टी-२: गाठ स्वरतंतूच्या वरच्या किंवा खालच्या भागात पसरली आहे, किंवा स्वरतंतूची हालचाल मंदावली आहे.

मानेत गाठी नसतील तर हे सगळे 'सुरुवातीच्या टप्प्यात' मोडते. स्वरतंतू पूर्ण जखडला गेला तर तो टी-३ होतो आणि उपचारांचे गणित बदलते.

टी-१ गाठीत दहापैकी सुमारे नऊ रुग्णांमध्ये पहिल्याच उपचाराने तिथला रोग आटोक्यात येतो. टी-२ मध्ये हे प्रमाण काहीसे कमी असते, विशेषतः हालचाल मंदावली असेल तर. म्हणून टी-१ चा टी-२ होऊ न देणे, म्हणजेच वेळेत तपासणी, हीच सर्वांत मोठी कमाई आहे.

पर्याय पहिला: तोंडातून लेझर शस्त्रक्रिया

आज या टप्प्यावर सर्वाधिक वापरली जाणारी शस्त्रक्रिया हीच. अमेरिकेत बोस्टन येथे स्ट्राँग आणि जाको यांनी स्वरयंत्रात कार्बन डायऑक्साइड लेझर वापरल्याचे अनुभव १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर जर्मनीत आणि इतरत्र ती कर्करोगासाठी विकसित झाली.

यात गळ्यावर चीर नसते. पूर्ण भूल दिल्यावर तोंडातून धातूची नळी स्वरयंत्रापर्यंत नेतात, सूक्ष्मदर्शकातून गाठ मोठी करून पाहतात आणि लेझरच्या किरणाने ती थोड्या निरोगी कडेसह कापून काढतात. लेझरपासून पेट घेणार नाही अशी खास श्वासनळी वापरतात, चेहरा आणि डोळे ओल्या कापडाने झाकतात आणि ऑक्सिजनचे प्रमाण मर्यादित ठेवतात.

किती खोल कापायचे, याचे युरोपीय स्वरयंत्र संघटनेने २००० साली प्रकार ठरवले आणि २००७ मध्ये त्यात एकाची भर घातली:

• प्रकार १: फक्त वरचे अस्तर काढणे. कर्करोगपूर्व चट्ट्यांसाठी.
• प्रकार २: आतल्या बंधापर्यंत काढणे. अगदी वरवरच्या कर्करोगासाठी.
• प्रकार ३: स्नायूचा काही भाग काढणे.
• प्रकार ४: संपूर्ण स्वरतंतू काढणे.
• प्रकार ५: स्वरतंतूसोबत आजूबाजूचा भागही काढणे.
• प्रकार ६: दोन्ही स्वरतंतू पुढे जिथे जुळतात तो भाग काढणे.

तुमच्या डॉक्टरांना "माझी शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची असेल?" असे जरूर विचारा. प्रकार १ आणि २ नंतर आवाज काही आठवड्यांत ते महिन्यांत बराचसा पूर्ववत होतो. प्रकार ३ पासून पुढे स्वरतंतूत खाच राहते, दोन्ही बाजू नीट मिटत नाहीत आणि आवाज हवा गळल्यासारखा, दमलेला येऊ शकतो.

रुग्णालयात साधारण एक-दोन दिवस राहावे लागते, काही जण त्याच दिवशी घरी जातात. गळ्याला छिद्र पाडण्याची गरज लहान शस्त्रक्रियेत सहसा पडत नाही. बहुतेकांना लवकरच तोंडाने खाता येते. संभाव्य त्रास म्हणजे दाताला किंवा ओठाला इजा, जिभेला काही दिवस बधिरपणा किंवा चव बदलणे, रक्तस्राव, जखमेवर मांसल गाठ येणे, आणि पुढच्या जोडावर काम केले असेल तर दोन्ही स्वरतंतू जाळीसारखे चिकटणे. गंभीर गुंतागुंत क्वचित होते.

कापलेला भाग तपासणीला जातो. कडेला रोग नाही असा रिपोर्ट आला तर पुढे फक्त तपासण्या. कडेबाबत शंका असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून पाहतात आणि गरज पडल्यास आणखी थोडा भाग काढतात. हे ऐकून "ऑपरेशन फसले" असे समजू नका. आवाज वाचवण्यासाठी कड मुद्दाम अरुंद ठेवलेली असते, त्यामुळे दुसऱ्यांदा पाहावे लागणे हा या पद्धतीचाच भाग आहे.

लेझर कोणाला जमत नाही?

धातूची नळी सरळ रेषेत स्वरतंतूपर्यंत पोहोचली, तरच हे शक्य आहे. मान आखडलेली असणे, दात पुढे असणे, जबडा लहान असणे यामुळे अडचण येते. आपल्या भागात आणखी एक कारण वारंवार दिसते: गुटखा आणि सुपारीमुळे तोंड न उघडणे. तोंडात दोन-अडीच बोटेही जात नसतील तर स्वरतंतूंची गाठ लहान असूनही लेझरचा मार्ग बंद होऊ शकतो. म्हणजे गुटखा तोंडाचे नुकसान करतोच, शिवाय घशाच्या उपचारांतला एक सोपा पर्यायही हिरावून घेतो.

लेझरऐवजी सूक्ष्म हत्यारे किंवा रोबोट?

लहान, वरवरची गाठ बारीक कात्री आणि सुरीने, सूक्ष्मदर्शकाखाली तितकीच चांगली काढता येते. कुशल हात इथे यंत्रापेक्षा महत्त्वाचे. रोबोटिक शस्त्रक्रिया घशाच्या वरच्या भागातल्या, टॉन्सिल किंवा जिभेच्या मुळाच्या गाठींसाठी जास्त उपयोगी आहे. स्वरतंतूंच्या अरुंद जागेत तिचा खर्च वाढतो, पण लेझरपेक्षा फायदा जास्त असल्याचे सिद्ध झालेले नाही. जाहिरात पाहून रुग्णालय निवडू नका.

पर्याय दुसरा: गळ्यावरून चीर देऊन आंशिक शस्त्रक्रिया

तोंडातून पोहोचता येत नसेल, टी-२ गाठ पुढच्या जोडावर खोल गेली असेल, किंवा रेडिएशननंतर रोग परत आला असेल, तर बाहेरून स्वरयंत्र उघडून फक्त रोगट भाग काढता येतो. कधी एक स्वरतंतू, कधी स्वरयंत्राची एक उभी बाजू, तर कधी दोन्ही स्वरतंतूंसह वरचा भाग काढून उरलेली कूर्चा जिभेच्या हाडाला जोडतात.

यात कायमचे स्वरयंत्र जात नाही, पण सावरायला वेळ लागतो. गळ्याला तात्पुरते छिद्र, काही काळ नाकातून नळीने अन्न आणि गिळणे पुन्हा शिकणे हे सगळे करावे लागते. सुरुवातीला अन्नपाणी थोडेफार श्वासनलिकेत जाते, म्हणून फुप्फुसे दणकट हवीत. दोन जिने चढताना दम लागत असेल तर मोठी आंशिक शस्त्रक्रिया धोक्याची ठरू शकते. आवाज राहतो, पण जाड आणि खरखरीत होतो.

शस्त्रक्रियेला पर्याय: रेडिएशन

ज्याला आपल्याकडे 'शेक घेणे' किंवा 'लाइट देणे' म्हणतात, तो उपचार या टप्प्यावर शस्त्रक्रियेच्या तोडीचा आहे. टी-१ साठी एक प्रचलित पद्धत म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, एकूण २८ वेळा, साधारण साडेपाच आठवडे. जपानमध्ये १८० रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोजचा डोस किंचित वाढवून दिवस कमी केले, तेव्हा पाच वर्षांनी रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण ७७ वरून ९२ टक्क्यांवर गेले. याचा व्यवहारातला अर्थ असा की रेडिएशन मध्येच बंद करू नये आणि खाडे करू नयेत. उपचार लांबला की गुण कमी येतो.

उपचारादरम्यान घसा दुखतो, गिळताना त्रास होतो, गळ्याची त्वचा काळवंडते आणि आवाज आधी बिघडून मग काही महिन्यांत सुधारतो. त्यानंतरचा आवाज बऱ्याचदा चांगला असतो. फिनलंडमध्ये एकाच स्वरतंतूचा कर्करोग असलेल्या पुरुषांवर लेझर आणि रेडिएशनची थेट तुलना झाली. २०१४ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार एकंदर आवाजाचा दर्जा दोन्ही गटांत सारखाच होता, पण लेझरनंतर आवाजात हवा जास्त होती आणि रेडिएशन घेतलेल्यांना रोजच्या व्यवहारात आवाजाचा अडथळा कमी जाणवला.

मग लेझर का निवडायचे? कारण रेडिएशन त्या जागी साधारणपणे एकदाच देता येते. त्यानंतर रोग परत आला तर शस्त्रक्रिया मोठी करावी लागते आणि काहींना संपूर्ण स्वरयंत्र गमवावे लागते. लेझर मात्र पुन्हा करता येतो आणि रेडिएशनही राखीव राहते. तरुण रुग्णांच्या बाबतीत हा मुद्दा वजनदार ठरतो.

निर्णय कसा घ्यावा? तीन उदाहरणे

ही माणसे काल्पनिक आहेत, पण प्रश्न रोजचे आहेत.

पहिले: ४८ वर्षांचे, चाकणमध्ये कंत्राटी फिटर. एका स्वरतंतूच्या मध्यभागी लहान टी-१ए गाठ, तोंड नीट उघडते. साडेपाच आठवडे रोज पुणे-नाशिक रस्त्याच्या कोंडीतून रेडिएशनला जायचे म्हणजे हजेरी बुडणार. इथे लेझर सोयीचा: एक शस्त्रक्रिया, थोडे दिवस विश्रांती, आणि पुढचे पर्याय हातात.

दुसरे: ५५ वर्षांचे, भोसरीतले सुपरवायझर. गाठ तितकीच, पण गुटख्यामुळे तोंड जेमतेम उघडते. भुलेखालच्या तपासणीत स्वरतंतूचा पुढचा भाग दिसतच नाही. अर्धवट दिसणाऱ्या गाठीवर लेझर चालवण्यापेक्षा रेडिएशन अधिक सुरक्षित.

तिसरे: ६० वर्षांचे, आळंदी-देहू परिसरात कीर्तन करणारे. गाठ दोन्ही स्वरतंतूंवर आणि पुढच्या जोडावर आहे. लेझर शक्य आहे, पण जाळी धरून आवाज जाण्याचा धोका मोठा. आवाजाला प्राधान्य असेल तर रेडिएशनकडे कल झुकतो. ही निवड शल्यचिकित्सक आणि रेडिएशन तज्ज्ञ दोघांशी बोलूनच करावी.

शक्यतो एकच उपचार पुरेल अशी निवड करणे हे उद्दिष्ट असते. शस्त्रक्रिया करून लगेच रेडिएशनही द्यावे लागणार, असे आधीच दिसत असेल तर दोन्हींचे तोटे वाट्याला येतात. टी-१ मध्ये केमोथेरपीची गरज नसते.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

• माझा टप्पा कोणता? पुढच्या जोडाला गाठ लागली आहे का?
• माझ्या तोंडातून गाठ पूर्ण दिसते का?
• शस्त्रक्रिया कोणत्या प्रकारची? नंतर आवाज कसा राहील?
• तुमच्याकडे लेझर आहे का, आणि अशा शस्त्रक्रिया तुम्ही नियमित करता का?
• रेडिएशन तज्ज्ञांचे मत घेता येईल का?
• रोग परत आला तर पुढचा मार्ग काय?

शस्त्रक्रियेनंतर: आवाज आणि काम

पहिले काही दिवस आवाजाला विश्रांती द्या. किती दिवस, हे तुमचे डॉक्टर सांगतील. कुजबुजणे म्हणजे विश्रांती नव्हे, त्याने ताण वाढू शकतो. पाणी भरपूर प्या, घसा खाकरू नका. जखम भरल्यावर स्वरोपचार तज्ज्ञांकडून व्यायाम शिकून घ्या. खाचेमुळे आवाज फारच कमकुवत राहिला, तर रोग नाही याची खात्री होईपर्यंत साधारण सहा महिने ते वर्षभर थांबून, स्वरतंतू मधोमध सरकवण्याची इंजेक्शने किंवा छोटी शस्त्रक्रिया करता येते.

टेबलावरचे काम असेल तर एक-दोन आठवड्यांत परतता येते. गोंगाटाच्या विभागात मात्र लगेच जाऊ नका. तिथे नकळत ओरडले जाते. काही काळ कमी आवाजाच्या जागी बदली, हाताच्या खुणा, लहान माइक अशा सोयींसाठी डॉक्टरांचे पत्र घेऊन कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला.

पुढच्या तपासण्या

रोग परत आला तर तो बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दोन ते सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि मग दरवर्षी दुर्बिणीची तपासणी करतात. आवाज छान आहे म्हणून तपासणी टाळू नका. त्याच धुराने तोंड, फुप्फुस आणि अन्ननलिकेतही दुसरा कर्करोग होऊ शकतो.

बिडी-सिगारेट-तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६.

कुठे जावे आणि खर्चाचे काय?

चाकण परिसरातून सुरुवात ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन करता येते. पिंपरीत संत तुकारामनगरचे महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, पुण्यात ससून रुग्णालय आणि मुंबईत परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय हे सार्वजनिक पर्याय आहेत. लेझरची सोय सगळीकडे नसते, म्हणून आधी चौकशी करा.

ईएसआय कार्ड असेल तर चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयातून तपासणी आणि पुढच्या उपचारांसाठी शिफारस मिळू शकते. २०१७ पासून यासाठी वेतनमर्यादा दरमहा २१,००० रुपये ठरवली गेली; सध्याचा नियम कार्यालयात विचारून घ्या. कर्करोग हा ईएसआयच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. किमान दोन वर्षांची विमाधारक नोकरी आणि ठरावीक योगदान असेल तर या आजारांत वेतनाच्या ८० टक्के दराने विस्तारित आजारपण लाभ मिळतो. अनेक कंत्राटी कामगार हा लाभ मागतच नाहीत, कारण तो आहे हेच त्यांना कोणी सांगत नाही. पगारातून ईएसआय कापला जात असेल तर तो तुमचा हक्क आहे.

इतरांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा आणि तुमची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन योजनेत बसते का, ते दाखल होण्याआधीच विचारा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बायॉप्सी केल्याने कर्करोग पसरतो का?
नाही. बायॉप्सीशिवाय उपचार सुरूच करता येत नाहीत. या भीतीपोटी घालवलेले महिने मात्र रोगाला वाढायला वेळ देतात.

माझा आवाज कायमचा जाईल का?
सुरुवातीच्या टप्प्यात बोलणे जात नाही. आवाजाचा पोत बदलू शकतो. कायमचा आवाज जाण्याची वेळ प्रामुख्याने उशिरा आलेल्या रुग्णांवर येते.

आयुर्वेदिक किंवा घरगुती औषधाने आधी प्रयत्न करू का?
निदान झाल्यावर उपचार पुढे ढकलून असे प्रयोग करू नका. इतर औषधे घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

लगेच कधी दाखवावे?
थुंकीत रक्त, श्वास घेताना आवाज किंवा दम, गिळताना अडकणे, एका बाजूचा कान दुखत राहणे, मानेत गाठ, कारणाशिवाय वजन घटणे यांपैकी काहीही असेल तर तीन आठवड्यांचीही वाट पाहू नका. श्वास कोंडत असेल तर थेट आपत्कालीन विभागात जा.

हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्यासाठी योग्य उपचार तुम्हाला प्रत्यक्ष तपासलेले डॉक्टरच ठरवू शकतात. पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा निर्णय तुमचा आहे. आवाज बसून तीन आठवडे झाले असतील, तर या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशीच किंवा पाळी बदलून तपासणी करून घ्या.